आजीच्या गोधडीला लागलेला निळा रंग



वर्षावास संपला, अश्विन पौर्णिमा झाली, की आमच्या रेवदंडा-मुरूड पट्ट्यात घराघरांतून एकच काम निघते. चार महिने दमट हवेत माळ्यावर पडून राहिलेली अंथरुणे-पांघरुणे उन्हाला काढायची आणि गोधड्या धुवायच्या. पावसात गोधडी धुतली तर वाळत नाही, आणि न धुता ठेवली तर कुबट वास मारते. म्हणून ऊन पडायचीच वाट पाहावी लागते.

यंदा हे काम आम्ही अंगावर घेतले. सभेत स्त्री-पुरुष समतेवर बोलायचे आणि घरी मात्र गोधडी धुवायला बायकांनीच बसायचे, हे मनाला पटेना. आयुष्मती कामावर गेल्या होत्या, आई शेजारी गेली होती. आम्ही मोठे घमेले काढले, विहिरीचे पाणी भरले, साबणाची पावडर टाकली आणि आजीची गोधडी त्यात बुडवली. बुडवली म्हणजे काय, घमेले लहान, गोधडी मोठी. अर्धी पाण्यात आणि अर्धी काठावर लोंबत राहिली. तेवढ्यात विहाराच्या बैठकीचे बोलावणे आले. पाच मिनिटांत येतो म्हणून गेलो आणि तीन तासांनी आलो.

येऊन पाहतो तर घमेल्यातले पाणी शाईसारखे निळे झालेले. गोधडीच्या पांढऱ्या भागावर निळे डाग पसरले होते, आणि काठावर लोंबणाऱ्या टोकापर्यंत निळा रंग वर चढला होता.

ती गोधडी साधी नव्हती. तिचा वरचा पदर म्हणजे आजीचे पांढरे पातळ. १९५६ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, त्यानंतर गावोगाव दीक्षेचे कार्यक्रम झाले. आमच्या वाडीतल्या कार्यक्रमाला आजी जे पांढरे पातळ नेसली होती, ते तिने जुने झाल्यावरही पोतेरे होऊ दिले नाही. त्याची गोधडी शिवली. मागच्या वर्षी एका बाजूला ती विरली, तेव्हा आईने तिथे ठिगळ लावले. ठिगळाला कापड कुठले, तर मामाचा जयंतीच्या मिरवणुकीतला निळा फेटा. दोन्ही कापडे जिवाभावाची. आणि त्यातल्या एकाने दुसऱ्याला डागाळले होते.

आई आली. तिने पाहिले, काही बोलली नाही. फक्त पांढऱ्या पदराचे टोक हातात धरून उभी राहिली. रागावली असती तर बरे झाले असते.

चार शेजारी, चार सल्ले

वाडीत अशी बातमी लपत नाही. एका काकींनी सांगितले, मिठाच्या पाण्यात बुडव, रंग पक्का होईल. दुसऱ्या वहिनी म्हणाल्या, तुरटी फिरव. एका तरुणाने व्हिनेगर सुचवले. एकाने तर ब्लिचिंग पावडरची पुडीच आणून हातावर ठेवली. आम्ही गोंधळलो. शेवटी ठरवले की आधी उन्हात वाळवू, मग बघू. गोधडी पिळून दोरीकडे निघालो, तेवढ्यात वाटेवरून आवाज आला.

"थांब रे, वाळत घालू नको!"

हे आमच्या वाडीतले वयोवृद्ध काका. मुंबईला गिरणीच्या रंगखात्यात त्यांची उमेद गेली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर जे हजारो कामगार पुन्हा आत गेलेच नाहीत, त्यातले ते एक. गावी आले ते कायमचे. त्यांचे वडीलही गिरणीतच होते, पण सूतखात्यात. विणखात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. काकांना ही हकीकत वडिलांच्या तोंडून ऐकलेली.

काकांनी गोधडी हातात घेतली आणि विचारले, "फेटा लावायच्या आधी धुतला होता का?"

आई म्हणाली, "फेटा कोण धुतो, दादा? वर्षातून एकदा बांधायचा."

"आणि पाणी कुठलं घेतलंस?" हा प्रश्न आम्हाला.

"विहिरीचं."

"म्हणजे मचूळ. त्यात परत मीठ टाकायला निघालास. अरे बाबा, रंगखात्यात मीठ आम्ही रंग चढवायला टाकायचो, उतरवायला नाय."

या एका वाक्याने आमचे डोळे उघडले. पुढचे दोन दिवस काकांनी जे सांगितले आणि आम्ही जे केले, ते सर्व वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून इथे देत आहोत.

रंग का सुटतो

सुती कापडावर रंग बसण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत. काही रंग कापडाच्या तंतूला नुसते चिकटून बसतात. ओटीवर आलेल्या पाहुण्यासारखे, घरातले नव्हेत. पाणी लागले की उठून चालू लागतात. स्वस्त फेटे, पताका, अस्तराची कापडे यांना बहुधा असेच रंग असतात. दुसऱ्या प्रकारचे रंग तंतूशी रासायनिक बंधनाने जोडले जातात. असे रंग बाजारात आले तेही १९५६ सालीच. ते पक्के असतात. पण रंगवताना त्यातलाही काही भाग जोडला न जाता कापडात मोकळा राहतो. तो गरम पाण्याने आणि साबणाने पुन्हा पुन्हा धुऊन काढावा लागतो. पाणी आणि सरपण वाचवायला ही धुलाई अर्धवट सोडली, की तो मोकळा रंग आपल्या घरी येऊन सुटतो. तिसरा प्रकार काही भडक लाल रंगांचा. ते पाण्यात फारसे विरघळत नाहीत, पण वर बसलेले कण घासल्यावर निघतात.

म्हणजे गोधडीत सुटलेला रंग हा बहुतेक वेळा मोकळा रंग असतो. तो पक्का करायचा प्रयत्न करू नये. त्याला बाहेर काढून लावावे. साऱ्या उपायाचे मर्म एवढेच.

आता शेजाऱ्यांचे सल्ले एकेक करून पाहू.

मीठ : सुती कापड रंगवताना रंगाच्या पाण्यात मीठ घालतात, कारण मिठामुळे रंग पाणी सोडून कापडाकडे जातो. रंग सुटलेल्या पाण्यात मीठ घातले, तर तोच रंग गोधडीच्या पांढऱ्या भागावर जास्त बसण्याचा धोका. आपल्या किनाऱ्यावरच्या मचूळ पाण्यात मीठ आधीच असते. त्यात साबणाला फेसही नीट येत नाही. म्हणून रंग सुटलेली गोधडी विहिरीच्या मचूळ पाण्यात ठेवू नये, गोडे पाणी घ्यावे.

व्हिनेगर : आंबट पदार्थ लोकर आणि रेशमावरच्या काही रंगांना उपयोगी पडतो. सुती कापडावरचा मोकळा रंग त्याने पक्का होत नाही.

तुरटी : हिचा मान जुना आहे. मंजिष्ठासारखे झाडापाल्याचे रंग कापडाला धरून ठेवायला तुरटी लागते. मोहेंजोदडोच्या उत्खननात मंजिष्ठाने रंगवलेल्या सुती कापडाचे अवशेष सापडले आहेत, इतकी ही विद्या आपल्या भूमीत जुनी. पण तिथे तुरटी लावतात ती रंगवताना. गिरणीच्या रंगाचा लागलेला डाग तुरटीने निघत नाही.

ब्लिचिंग पावडर : ही डागाबरोबर इतर ठिगळांचे रंगही खाते आणि जुने सूत कुजवते. शिवाय तिच्यात व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचे आम्ल मिसळले तर विषारी वायू सुटतो. बंद न्हाणीघरात हे जिवावर बेतू शकते. ती पुडी आम्ही नमस्कार करून परत केली.

ऊन आणि इस्त्री : ही सर्वांत मोठी चूक. लागलेला रंग वाळला की तंतूत घट्ट बसतो. इस्त्रीच्या उष्णतेने तर आणखी बसतो. गोधडी ओली आहे तोवर बाजी आपल्या हातात आहे. घरात लगेच वेळ नसेल तर ती साध्या गोड्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा, पण वाळू देऊ नका.

आम्ही काय केले

पहिल्यांदा गोधडी गोड्या थंड पाण्यातून दोनदा काढली. घासली नाही, बडवली नाही. गोधडी धोपटण्याने आपटली तर धावदोऱ्याचे टाके तुटतात आणि एका ठिगळाचा रंग दुसऱ्यात ठोकला जातो.

मग मोठे पिंप घेतले. त्यात वीस लिटर साधे पाणी आणि वीस लिटर उकळते पाणी. निम्मे-निम्मे घेतले की पाणी साधारण साठ अंशांवर येते. हिशेबाची आमची सवय इथे कामी आली. पाणी आधी तयार करायचे, मग गोधडी सोडायची. उकळते पाणी सरळ गोधडीवर ओतायचे नाही. हात घालायचा नाही, काठीने दाबायचे आणि लहान मुलांना त्या बाजूला फिरकू द्यायचे नाही. ज्यांना एवढे गरम पाणी करणे शक्य नाही त्यांनी तीन बादल्या साध्या पाण्याला एक बादली उकळते घ्यावे. ते हाताला सोसेल इतके, सुमारे पंचेचाळीस अंश होते. फरक एवढाच, की पाणी जास्त वेळा बदलावे लागेल.

चाळीस लिटर पाण्यात दोन मुठी कपडे धुण्याची पावडर नीट विरघळवून घेतली. साबणाची वडी नको. पाणी जड असेल तर तिची साय कापडावर बसते. पावडर अशी घ्यावी की तिच्यात ब्लीच नसेल. नीळ किंवा पांढरेपणा आणणारे निळे थेंब तर अजिबात नकोत. निळ्या डागावर नीळ कशाला?

साबणाचे काम इथे मळ काढण्याचे नाही. सुटलेला रंग पाण्यात धरून ठेवायचा, त्याला पुन्हा कापडावर बसू द्यायचे नाही, हे त्याचे काम. गरम पाणी रंगाला मोकळे करते, साबण त्याला अडवून धरतो, आणि भरपूर पाण्यामुळे तो पातळ होतो. तिन्ही हवेत. पाणी कमी पडले तर सुटलेला रंग पुन्हा त्याच कापडावर जाऊन बसतो.

गोधडी पूर्ण बुडवली. वर तरंगणारा भाग दाबायला स्टीलचे ताट उपडे ठेवले आणि त्यावर पाण्याचा तांब्या. ही गोष्ट ध्यानात ठेवा. जो भाग पाण्याबाहेर राहतो, त्यात रंग वातीतल्या तेलासारखा वर चढतो आणि कडेला जमून वाळतो. आमच्या पहिल्या चुकीत नेमके हेच झाले होते.

रात्रभर, म्हणजे दहा-बारा तास, ती तशीच ठेवली. मधून दोन-तीनदा काठीने हलवली. सकाळी काचेच्या पेल्यात ते पाणी घेऊन पाहिले, गडद निळे. ते ओतून दिले आणि पुन्हा तेच सारे. दुसरे पाणी निळे, तिसरे आकाशी, चौथ्यात नुसती झाक. पाचवे पाणी पेल्यात घेऊन पांढऱ्या कागदापुढे धरले, तर स्वच्छ. दोन दिवस गेले. मधल्या वेळात गोधडी एकदाही वाळू दिली नाही.

काका रोज संध्याकाळी येऊन पेला बघून जात. पाचव्या पाण्याला म्हणाले, "आता साध्या पाण्यातनं दोनदा काढ. साबण राहिला तर अंगाला खाजेल."

वाळवतानाही काळजी घ्यावी लागते. ओली गोधडी घडी करून दोरीवर टाकली, तर रंगीत ठिगळ पांढऱ्यावर टेकून पुन्हा डाग पडू शकतो. आम्ही ती पिळली नाही. जुन्या पांढऱ्या चादरीत गुंडाळून दाबली, म्हणजे पाणी चादरीने ओढून घेतले. चादरीला रंग लागतो का तेही कळले. मग बाजेवर एकेरी पसरली, सावलीत, वारा लागेल अशी. दोन-दोन तासांनी उलटली. आपल्याकडे संध्याकाळ झाली की खाऱ्या वाऱ्याने कापड पुन्हा ओलसर होते, म्हणून तिन्हीसांजेच्या आत घरात घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत काढली.

निकाल

पातळाचा पांढरेपणा परत आला. फेट्याचा निळा जरा फिका झाला, आकाशी म्हणा ना, पण आता तो सुटत नाही. ओला पांढरा रुमाल दाबून पाहिला, तर रुमाल कोराच. फक्त एका टोकाला तळहाताएवढी निळी झाक राहिली आहे. घमेल्याच्या काठावर जे टोक तीन तास लोंबून वाळले होते, तेच ते.

ती झाक काढायला आणखी एक उपाय आहे. डाग काढण्याच्या काही पावडरी क्लोरीनच्या नसून ऑक्सिजन सोडणाऱ्या असतात. पुड्यावर सांगितलेल्या प्रमाणात, गरम पाण्यात, आधी एका कोपऱ्यावर तपासून त्या सुती गोधडीला वापरता येतात. रेशीम किंवा लोकरीचे ठिगळ असेल तर मात्र नाही. अशा गोधडीला साठ अंशांचे गरम पाणीही सोसत नाही. रंग पूर्ण उडवून टाकणारी पावडरही रंगवाल्यांच्या दुकानात मिळते, पण तिला तुमचा डाग कुठला आणि तुमचे ठिगळ कुठले ते कळत नाही, ती सगळेच उडवते. रंग पक्का करणारे द्रावणही मिळते. ते सगळा मोकळा रंग काढून झाल्यावरच वापरायचे. आधी वापरले तर लागलेला डागच पक्का होऊन बसतो.

आम्ही आईला विचारले, ही झाक काढायची का? ती म्हणाली, "राहू दे. पाहुण्यानं लावलेला नाय, मामाचाच रंग हाय."

पाण्याचा हिशेब

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. पाच वेळा चाळीस लिटर, म्हणजे दोनशे. आधीच्या आणि शेवटच्या खळबळण्याला मिळून शंभर. एका गोधडीला तीनशे लिटर गोडे पाणी. पंधरा लिटरच्या हंड्याने वीस खेपा.

हा आकडा आईला सांगितला, तर ती गप्प झाली. मग म्हणाली, "तुझ्या आजीला एक हंडा मिळायचा तो पण कुणी वरून ओतला तर."

वाचकहो, इथे आम्हाला महाडची आठवण झाली. महाड आपल्याच जिल्ह्यातले. तेव्हा या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, रायगड हे नाव १९८१ मध्ये आले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडच्या परिषदेच्या वेळी त्यांनी आपल्या माताभगिनींसमोर भाषण केले. राहणी स्वच्छ ठेवा, कपड्याला ठिगळे असली तरी चालतील पण कपडा स्वच्छ असू द्या, असे त्यांनी सांगितले. तुम्ही काय नेसावे हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नाही, हेही सांगितले.

आपण यातला स्वच्छतेचा उपदेश नेहमी ऐकतो. पण क्रम पाहा. मार्चमध्ये पाणी, डिसेंबरात स्वच्छ लुगडे. ज्याला तळ्याला हात लावू द्यायचा नाही त्यालाच अस्वच्छ म्हणून हिणवायचे, हा जुन्या समाजाचा न्याय होता. बाबासाहेबांनी आधी पाण्याचा हक्क मागितला. तोही सहज मिळाला नाही. तळे आमचे खाजगी असे म्हणणाऱ्यांचे अपील मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळले ते १७ मार्च १९३७ ला, म्हणजे दहा वर्षांनी. आमच्या न्हाणीत ओतलेल्या तीनशे लिटर पाण्यामागे ही दहा वर्षे आहेत.

म्हणून हे पाणी गटारात न सोडता वापरावे. शेवटच्या खळबळण्याचे पाणी आम्ही अंगण आणि संडास धुवायला ठेवले. रंगाचे आणि साबणाचे पाणी मात्र विहिरीजवळ किंवा भाजीच्या वाफ्यात ओतू नये.

शिवण्याआधीच

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे हा प्रसंग येऊ न देणे. गोधडी शिवायला घेण्याआधी प्रत्येक कापड वेगळे तपासावे. जुन्या, शंभरदा धुतलेल्या पातळाची भीती नाही. भीती नव्या कापडाची, शिंप्याकडून आणलेल्या चिंध्यांची, आणि कधीच न धुतलेल्या फेट्याची. लाल, गडद निळा, काळा, जांभळा यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे.

कापडाचा कोपरा गरम पाण्यात भिजवून पांढऱ्या सुती रुमालात दहा मिनिटे दाबून ठेवावा. रुमालाला रंग लागला तर ते कापड बादलीत वेगळे, वर सांगितलेल्या रीतीने, पाणी स्वच्छ होईपर्यंत भिजवावे. तरीही सुटत राहिले तर गोधडीत घेऊ नये, त्याची पिशवी शिवावी. दोराही तपासावा. लाल दोऱ्याने पांढऱ्यावर टाके घातले आणि दोराच कच्चा निघाला, तर टाक्यागणिक डाग पडतो.

नव्या कापडाची खळही धुऊन काढावी. मज्झिम निकायातल्या वत्थूपम सुत्तात तथागतांनी कापडाचाच दृष्टांत दिला आहे. मळके कापड कुठल्याही रंगात बुडवले तरी रंग वाईटच चढतो, स्वच्छ कापडावर तो चांगला चढतो. चित्ताचेही तसेच. भगवंतांनी हे सांगितले ते चित्तशुद्धीसाठी, पण दृष्टांत घेतला तो रंगाऱ्याच्या रोजच्या अनुभवातला. काकांना हे सुत्त वाचून दाखवले तेव्हा ते हसून म्हणाले, "बुद्धाला रंगखातं ठाऊक होतं म्हणायचं."

आपल्या अनेक भगिनी बचत गटांतून गोधड्या शिवून विकतात. त्यांना विनंती आहे, हे तपासणे कामाचाच भाग समजा आणि त्याची मजुरी किमतीत धरा. गोधडी एकदा गिऱ्हाइकाच्या घरी रंग सोडून बसली, की पुढची दहा गिऱ्हाइके जातात. गोधडीबरोबर एक चिठ्ठी द्या : पहिल्यांदा वेगळी धुवा, पूर्ण बुडवा, ओली घडी करून ठेवू नका. चिठ्ठीला खर्च नाही, पण ती देणाऱ्या बाईला आपले काम कळते हे घेणाऱ्याला समजते.

चिंधीचा मान

कोणी म्हणेल, एका जुन्या गोधडीसाठी एवढा खटाटोप कशाला? बाजारात ब्लँकेट मिळतात. मिळतात खरी. पण जुन्या कापडाचा मान आपल्या धम्मात मोठा आहे. विनयपिटकात एक प्रसंग आहे. कौशांबीच्या राजा उदयनाच्या राण्यांनी आनंद स्थविरांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला शंका आली, एका भिक्खूला एवढी वस्त्रे कशाला? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे फाटली त्यांना ही देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. त्या जुन्या झाल्या की जमिनीवरची अंथरुणे, मग पायपुसणी, मग धूळ झाडायची फडकी. आणि फडकी फाटली की त्यांचे तुकडे चिखलात मळून जमीन सारवायची. राजाचे समाधान झाले.

हा सगळा प्रवास आपल्या आज्यांना कोणी शिकवला नव्हता. गरिबीने शिकवला. पण त्यांनी त्यात एक निवड ठेवली होती. आमच्या आजीने इतर लुगड्यांची फडकी केली, पण दीक्षेच्या पातळाला वाकवून, टाके घालून, नातवंडांच्या अंगावर पांघरले.

यंदाच्या थंडीत ती गोधडी पुन्हा माळ्यावरून खाली आली आहे. रात्री आमचा धाकटा तीच ओढतो. टोकाच्या निळ्या झाकेवर बोट ठेवून त्याने विचारले, हे काय? आम्ही त्याला पणजीचे पातळ, मामाआजोबांचा फेटा आणि बापाची तीन तासांची बैठक, सगळे सांगितले. शेवटच्या भागाला तो पोट धरून हसला.

पुढच्या वर्षी अश्विनात गोधडी धुवायला तोही बसणार आहे. घमेले मात्र मोठे घ्या, असे त्याने बजावले आहे.

वाचकांनी आपल्या घरच्या गोधड्यांचे अनुभव जरूर कळवावेत. भवतु सब्ब मंगलं. जयभीम.